गुरुवारची टॅको राइड: कौन्सिल ब्लफ्स ते मिनिओला, सायकलने

मिझुरीकाठ (धागाकर्ता)

नेब्रास्कातील ओमाहा आणि मिझुरी नदीपलीकडचे, आयोवा राज्यातील कौन्सिल ब्लफ्स या जोडशहरांत राहणाऱ्या बऱ्याच मराठी घरांत गुरुवार हा दत्ताचा वार असतो. इथल्या सायकलस्वारांच्या पंचांगात मात्र तो टॅकोचा वार आहे. वसंतात वाट कोरडी झाली की पानगळ संपेपर्यंत, दर गुरुवारी संध्याकाळी कौन्सिल ब्लफ्सच्या दक्षिण टोकाहून लोक सायकली घेऊन निघतात, सुमारे दहा मैलांवरच्या मिनिओला या चिमुकल्या गावातील स्टेकहाउसच्या बारमध्ये टॅको, म्हणजे दुमडलेल्या पोळीत सारण भरलेला मेक्सिकन पदार्थ, खातात, कोणी मार्गारिटा घेतो, कोणी बिअर, कोणी नुसता सोडा, आणि अंधार पडता पडता त्याच वाटेने परततात. हवा चांगली असली तर ही संख्या काही शेकड्यांत जाते. मिनिओलाची स्वतःची वस्ती दोनशेच्याही आत आहे, त्यामुळे अशा संध्याकाळी गावात गावकऱ्यांपेक्षा पाहुणेच अधिक असतात.

ही वाट म्हणजे वॉबॅश ट्रेस नेचर ट्रेल. कौन्सिल ब्लफ्सपासून मिझुरी राज्याच्या सीमेवरील ब्लँचर्डपर्यंत ती ६३ मैल जाते आणि वाटेत मिनिओला, सिल्व्हर सिटी, मॅल्व्हर्न, इमोजीन, शेनँडोआ, कॉइन अशी गावे लागतात. ही गावे अशी ओळीने मांडल्यासारखी का आहेत, हे वेगळे सांगायला नको: ती आगगाडीची स्थानके होती. वॉबॅश रेल्वेचा हा फाटा कौन्सिल ब्लफ्सला सेंट लुईसशी जोडत असे. आयोवात विसाव्या शतकाच्या आरंभी दहा हजार मैलांहून अधिक लोहमार्ग होते. आज ते चार हजार मैलांच्या आत आले आहेत. शेतमाल ट्रकने जाऊ लागला, छोटे फाटे तोट्यात गेले, आणि १९८० साली रेल्वे कंपन्यांवरची सरकारी बंधने सैल झाल्यावर असे फाटे बंद करणे सोपे झाले. वॉबॅशच्या या फाट्यावरील वाहतूक १९८८ साली थांबली. रूळ उचलले गेले, त्यांच्या जागी चुनखडीची बारीक चुरी अंथरली गेली, आणि आज साउथवेस्ट आयोवा नेचर ट्रेल्स या स्वयंसेवी संस्थेची माणसे पडलेली झाडे तोडण्यापासून पुलांच्या फळ्या बदलण्यापर्यंतची कामे स्वतः करतात. प्रौढ सायकलस्वाराने वाटेच्या तोंडाशी ठेवलेल्या पाकिटात थोडे डॉलर घालून ते पेटीत टाकायचे असते. तिथे तपासायला कोणी उभे नसते. पैसे टाकावेत, ही माझी विनंती आहे, कारण त्या चुरीचा खर्च कोणाला तरी करावाच लागतो.

रेल्वेचा मार्ग असल्याचा मोठा लाभ पायांना होतो. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नसे, म्हणून अभियंत्यांनी टेकड्या कापून आणि ओढ्यांवर भराव घालून सगळी वाट सौम्य ठेवली. कौन्सिल ब्लफ्सहून निघाल्यावर चढ आहे, पण तो डोळ्यांना दिसत नाही. सायकल आज अशी जड का चालते आहे, असे वाटत राहते आणि परतताना त्याचे उत्तर मिळते. हा चढ लोएस टेकड्यांचा आहे. हिमयुगात हिमनद्यांनी दळलेली पिठासारखी माती मिझुरीच्या पात्रात साठली, पश्चिमेच्या वाऱ्याने ती उचलून पूर्व काठावर रचली, आणि काही ठिकाणी तिचा थर दोनशे फुटांपर्यंत गेला. पिवळसर मातीच्या या टेकड्या कापलेल्या ठिकाणी भिंतीसारख्या सरळ उभ्या राहतात. वाटेच्या दोन्ही बाजूंना झाडांची दाटी आहे, त्यामुळे जुलैच्या उन्हातही सावली मिळते. झाडे संपतात तिथे मका आणि सोयाबीनची शेते सुरू होतात. लातूर-वाशीमकडच्या आपल्या सदस्यांना सोयाबीनचे शेत ओळखायला क्षणही लागणार नाही, मात्र त्याचा दुसरा बांध शोधायला वेळ लागेल.

जूनच्या अखेरीस इथे सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे कामावरून सुटून साडेपाच-सहाला निघालेल्या माणसाला जाताना भरपूर उजेड असतो. मध्यम गतीने मिनिओलाला पोहोचायला तासभर पुरतो. येताना मात्र दिवा लागतोच. सप्टेंबरनंतर तो जाण्याच्या शेवटच्या टप्प्यातही लागतो, आणि झाडांच्या बोगद्यात बाहेरच्यापेक्षा अर्धा तास आधीच अंधार होतो, हे नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. तिन्हीसांजेला हरणे वाट ओलांडतात आणि ती एकेकटी नसतात. एक गेले की दुसरे येणार असे धरून ब्रेकवर हात ठेवावा.

माझ्या मते या राइडचे यश टॅकोत नाही आणि दारूतही नाही. वार ठरलेला आहे, वाट ठरलेली आहे, पोहोचायचे ठिकाण ठरलेले आहे, आणि बाकीचे काहीही ठरलेले नाही. कोणाला कळवावे लागत नाही, कोणासाठी थांबावे लागत नाही, आणि आपण गेलो नाही म्हणून कोणाचे अडत नाही. तीस वर्षांचा तरुण कार्बनच्या सायकलवरून सुसाट निघून जातो, त्याच्या मागे सत्तरीतले जोडपे जोडसायकलवर गप्पा मारत येते, आणि दोघेही अखेर एकाच बाकावर बसतात. आपल्याकडील सायकल गटांत राइडच्या आधी व्हॉट्सअॅपवर जितका वेळ जातो, तितक्या वेळात इथे मिनिओला येते.

इथल्या मराठी मंडळींपैकी कोणी नियमित जात असल्यास आणि इतरत्र अशा राइड असल्यास त्यांनी आपले अनुभव लिहावेत, यासाठी हा धागा काढला आहे.

सदाशिवपेठी

लेख आवडला. काही शंका आहेत आणि त्या खवचटपणे विचारत नाही. शेकडो लोक दर आठवड्याला एका ठिकाणी जमतात, तर त्याची परवानगी कोण काढतो? कोणी पडला, हाड मोडले, तर जबाबदार कोण? पुण्यात पन्नास सायकली एकत्र निघाल्या तरी पुढे-मागे स्वयंसेवक, रुग्णवाहिका, बनियनवर प्रायोजकाचे नाव आणि समारोपाला नगरसेवक अशी सारी सिद्धता असते. त्यातील नगरसेवक वगळता बाकीचे मला आवश्यकच वाटते.

मिझुरीकाठ

सदाशिवपेठी, शंका रास्त आहे. हा कार्यक्रमच नसल्यामुळे परवानगीचा प्रश्न उद्भवत नाही. संध्याकाळी पर्वतीवर शेकडो माणसे चढतात, त्यांची परवानगी कोणी काढत नाही. हेही तसेच आहे. वाट सार्वजनिक वापराची आहे, तिच्यावर मोटारी नाहीत, उपाहारगृह परवानाधारक आहे, आणि प्रत्येक जण आपापल्या हिमतीवर आलेला असतो.

पडणारे पडतात. बहुतेक वेळा कारण मोकळ्या चुरीत घसरलेले पुढचे चाक किंवा अंधारात न दिसलेली फांदी हे असते. मागून येणारा थांबतो, कारण तसा रिवाज आहे, आणि जिथे वाट रस्त्याला छेदते तिथपर्यंत रुग्णवाहिका येऊ शकते. म्हणून आपण कोणते छेदरस्ते ओलांडले हे लक्षात ठेवण्याची सवय उपयोगी पडते. दोन छेदरस्त्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसाला "मी झाडांत आहे" एवढेच सांगता आले, तर मदत पोहोचायला उशीर होतो.

कोथिंबीर_वडी

मी ओमाहातच राहते आणि उन्हाळ्यात बहुतेक गुरुवारी जाते, म्हणून धागाकर्त्यांनी न लिहिलेल्या दोन बाजू लिहिते.

पहिली बाजू स्त्रियांच्या दृष्टीने. हीच वाट मंगळवारी रात्री नऊ वाजता एकटीने चालवण्यास मी धजावणार नाही. झाडी दाट आहे, मैलोन्‌मैल घर नाही, आणि काही भागात फोनला रेंजही नीट येत नाही. गुरुवारी मात्र दर दोन-चार मिनिटांनी समोरून किंवा मागून दिवा दिसतो. बाई एकटी चालली आहे म्हणून कोणी वळून पाहत नाही आणि पंक्चर झाले तर पुढचा माणूस आपण होऊन थांबतो. वार ठरलेला असण्याचे जे महत्त्व धागाकर्त्यांनी सांगितले आहे, ते पुरुषांना सोयीचे वाटत असेल; आम्हाला त्याशिवाय ही संध्याकाळ मिळालीच नसती. ओळखीच्या दोघी-तिघींनी परतीची वेळ आधी ठरवून घ्यावी, इतकीच सूचना मी नव्या मैत्रिणींना करते.

दुसरी बाजू पोटाची. अमेरिकेत टॅको म्हटले की त्यात न विचारता गोमांसाचा खिमा येतो, असे समजूनच चालावे. शाकाहारी असाल किंवा गोमांस चालत नसेल, तर मागवण्यापूर्वी स्पष्टपणे विचारा. घेवड्याच्या उसळीचे सारण कुठे कुठे मिळते, पण त्यात चरबी घातलेली नाही ना, हेही विचारावे लागते. माझे सासरे आले होते तेव्हा आम्ही घरून धपाटे आणि लसणाची चटणी नेली होती आणि वाटेतल्या बाकावर बसून खाल्ली. टॅको राइडला धपाटे नेल्याबद्दल कोणी हसले नाही, उलट शेजारच्या बाकावरून मागणी आली.

मुलांना नेता येते. बार असला तरी ते जेवणाचेही ठिकाण आहे आणि सुरुवातीच्या वेळेत सायकलमागे जोडलेल्या गाड्यांत बसलेली लहान मुले पुष्कळ दिसतात. फक्त त्यांना घेऊन उजेडातच परतावे.

म्युनिकचा_पाव

वर्णन सुरेख आहे, पण सर्वांना दिसणारी गोष्ट कोणी लिहिली नाही. माणसे सायकलने बारमध्ये जातात, पितात आणि सायकलनेच परततात. जर्मनीतही संध्याकाळी सायकलने बिअरगार्टनला जाणे अगदी नेहमीचे आहे, मात्र इथे त्याला मर्यादा आहे. सायकलस्वाराच्या रक्तात दर हजारी १.६ इतके मद्य आढळले की तो गुन्हा ठरतो, आणि सायकल वाकडीतिकडी चालली किंवा अपघात झाला, तर ०.३ पासूनच कारवाई होऊ शकते. शिवाय १.६ ला पोहोचलेल्या माणसाला वैद्यकीय आणि मानसिक चाचणी द्यावी लागते, आणि ती पार पडली नाही तर त्याचा मोटारीचा परवानाही जातो. आयोवात काय स्थिती आहे?

मिझुरीकाठ

प्रश्न योग्य आहे आणि तो टाळून या राइडविषयी लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल.

आयोवाचा मद्यधुंद वाहनचालकांविषयीचा कायदा मोटार वाहनांपुरता आहे, त्यामुळे पायांनी चालवायच्या साध्या सायकलला तो लागत नाही. सार्वजनिक जागी नशेत असणे हा मात्र वेगळा गुन्हा आहे आणि तो पायी चालणाऱ्यालाही लागतो, तेव्हा सायकलवर बसलो म्हणजे सुटलो असे कोणी समजू नये. राज्याराज्यांत फरक आहे. कॅलिफोर्नियात नशेत सायकल चालवणे हा स्वतंत्र गुन्हा असून त्याला अडीचशे डॉलरपर्यंत दंड आहे.

कायद्यापेक्षा प्रत्यक्षातील गणित मला अधिक महत्त्वाचे वाटते. मिनिओलाच्या वाटेवर मोटारी नाहीत, त्यामुळे पिऊन परतणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःलाच इजा करून घेईल. पण तो ज्या वाटेवर आहे तिच्यावर कोथिंबीर_वडी यांच्यासारखे इतर लोकही आहेत, आणि समोरासमोर येणाऱ्या दोन सायकलींची टक्कर हलकी नसते. शिवाय बहुतेकांनी मोटार वाटेच्या तोंडाशी लावलेली असते आणि तिथून घरी मोटार चालवत जायचे असते. खरा धोका तिथे आहे. दहा मैल सायकल चालवल्याने दारू उतरते, हा समज इथेही आहे आणि तो निखालस चूक आहे. यकृत आपल्या गतीने काम करते, पाय कितीही फिरवले तरी. म्हणून ज्याला प्यायची आहे त्याने घरापासूनच सायकलने यावे किंवा न पिणाऱ्याच्या गाडीतून यावे. ओमाहाहून येणाऱ्यांसाठी २००८ साली सुरू झालेला बॉब केरी पादचारी पूल आहे, त्यावरून नदी ओलांडून थेट आयोवात उतरता येते. अंतर बरेच वाढते, पण मोटारीचा प्रश्नच राहत नाही.

डेमॉइनकर

ओमाहावाल्यांनी टॅको राइडचे कौतुक करावे, आमची हरकत नाही, पण आयोवाच्या मध्यभागीही काही आहे, हे नोंदवतो.

राजधानी डेमॉइनच्या उत्तरेला अँकेनीपासून वुडवर्डपर्यंत हाय ट्रेसल ट्रेल आहे. लांबी २५ मैल, पृष्ठभाग पक्का. ही वाट डेमॉइन नदी ज्या पुलावरून ओलांडते तो अर्धा मैल लांब आणि सुमारे १३ मजले उंच आहे, आणि २०११ साली तो सायकलींसाठी खुला झाला. पुलावर ठरावीक अंतराने तिरकस फिरवलेल्या पोलादी चौकटी उभ्या केल्या आहेत आणि रात्री त्यांवर निळे दिवे लागतात. त्या परिसरात पूर्वी कोळशाच्या खाणी होत्या आणि खाणीच्या बोगद्यात आत जाताना जसे दिसेल, तसा तो देखावा योजलेला आहे. त्यामुळे आमच्याकडे संध्याकाळची राइड सूर्यास्ताच्या हिशेबाने चालते: आधी मॅड्रिड गावात फ्लॅट टायर लाउंजमध्ये बसायचे, मग दिवे लागल्यावर पुलावर जायचे. फ्लॅट टायर हा अक्षरशः वाटेला लागून असलेला बार आहे, सायकल टेकवायची आणि आत जायचे.

आता मराठी मंडळींसाठी खास. आयोवाचे हिंदू मंदिर याच मॅड्रिडजवळ आहे. त्यामुळे इथल्या भारतीयांपुढे गमतीदार पेच असतो. घरून "मॅड्रिडला जातो" असे सांगून निघालेला माणूस देवळात गेला की बारमध्ये, हे त्याच्या पायातील बुटांवरूनच कळते. काही जण दोन्हीकडे जातात. क्रम मात्र पाळतात, आधी देऊळ.

आयोवात हे सारे का रुजले, याचे उत्तर माझ्या मते रॅगब्रायमध्ये आहे. १९७३ साली 'डेमॉइन रजिस्टर' या वृत्तपत्राच्या जॉन करास आणि डोनाल्ड कॉल या दोन पत्रकारांनी राज्य आडवे पार करण्याचे ठरवून वाचकांनाही बोलावले, आणि तेव्हापासून दर जुलैमध्ये हजारो लोक पश्चिमेच्या मिझुरी नदीपासून पूर्वेच्या मिसिसिपीपर्यंत आठवडाभर सायकल चालवत जातात. २०२३ साली तिची पन्नासावी फेरी झाली. त्या आठवड्यात वाटेवरची गावे पाय, मक्याची कणसे आणि बिअर विकून चार पैसे मिळवतात, आणि सायकलवाले आले की गावाचा फायदा होतो, हे तिथल्या शेतकऱ्याला पन्नास वर्षांपासून ठाऊक आहे. (इथे 'पाय' म्हणजे फळांचे सारण भरलेला गोड पदार्थ, पायाचे सूप नव्हे.)

मिझुरीकाठ

डेमॉइनकर, पुलाचे मान्य आहे, आमच्याकडे तसा पूल नाही. मात्र चुरीच्या वाटेवरून चालण्यातला आवाज पक्क्या रस्त्यावर मिळत नाही, एवढे आमच्या बाजूने नोंदवतो.

गावाच्या फायद्याचा मुद्दा मला अधिक मोलाचा वाटतो. गाडी थांबायची बंद झाली, शाळा मोठ्या गावात विलीन झाल्या, किराणा दुकान मिटले, आणि उरले काय, तर चर्च, धान्याची कोठारे आणि एखादा बार, असे चित्र मध्य-पश्चिमेतील असंख्य गावांत दिसते. दोनशे वस्तीच्या गावाला स्वतःच्या गिऱ्हाइकांवर उपाहारगृह चालवता येणार नाही. तिथे आठवड्यातील एका संध्याकाळी शेकडो भुकेली माणसे येतात आणि त्यांची मोटार गावात न आल्यामुळे पार्किंगचा त्रासही देत नाहीत. पुढे इमोजीनमध्येही हेच दिसते. आयरिश कॅथलिक वसाहतवाल्यांच्या त्या गावात शंभर माणसेही राहत नाहीत, पण त्यांचे देखणे चर्च आहे आणि वाटेजवळच एक आयरिश धाटणीचा बार आहे, जिथे दूर पल्ल्याचे सायकलवाले हटकून थांबतात.

वऱ्हाडी_ठेचा

हा धागा वाचताना मला सारखी आमची शकुंतला आगगाडी आठवत होती. यवतमाळ ते मूर्तिजापूर आणि तिथून अचलपूर हा जवळपास १९० किलोमीटरचा अरुंद मार्ग इंग्रजी कंपनीने वऱ्हाडचा कापूस नेण्यासाठी बांधला, स्वातंत्र्यानंतरही त्याची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली, आणि आता गाडी बंद आहे. रुळांवर झुडपे वाढली आहेत. चढ नाही, रहदारी नाही, दोन्ही बाजूंना कापूस, तूर, सोयाबीन. तुमच्या वॉबॅशसारखीच वाट झाली असती, असा विचार मनात आला आणि लगेच अपराधीही वाटले, कारण आमच्याकडची माणसे अजून गाडी परत मागत आहेत. तिचा मार्ग रुंद करून ती पुन्हा सुरू करावी, ही मागणी जुनी आहे आणि तिकिटाला जास्त पैसे नसलेल्या माणसासाठी ती रास्तही आहे. सायकलवाल्या शहरी लोकांनी येऊन "इथे छान ट्रेल होईल" म्हटले, तर गावकरी काय म्हणतील, ते मी इथे लिहू शकत नाही.

मिझुरीकाठ

वऱ्हाडी_ठेचा, तुमची अडचण अमेरिकेतही होती आणि तिच्यावर निघालेला तोडगा तुम्हाला विचार करण्याजोगा वाटेल.

इथे लोहमार्ग कायमचा बंद झाला की त्याखालची जमीन पुष्कळ ठिकाणी मूळ शेताच्या मालकाकडे परत जात असे, कारण रेल्वेला फक्त वापराचा हक्क दिलेला असे. एकदा तुकडे झाले की तो सलग पट्टा पुन्हा जुळवणे जवळजवळ अशक्य. म्हणून १९८३ साली राष्ट्रीय पायवाटांच्या कायद्यात दुरुस्ती करून अशी सोय केली गेली की, मार्ग "बंद" न मानता भविष्यातील रेल्वेसाठी राखून ठेवायचा आणि तोवर त्यावर चालण्याची किंवा सायकलची वाट करायची. पुन्हा गाडी हवी झाली तर वाट काढून रूळ टाकता येतात. शेतमालकांनी याला विरोध केला, व्हरमाँटमधील एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १९९० साली न्यायालयाने कायदा वैध ठरवला. मात्र जमीनमालकाचे नुकसान झाले असेल तर त्याने सरकारकडे भरपाई मागावी, असा मार्ग त्याला मोकळा ठेवला. म्हणजे "गाडी की सायकल" असा झगडा कायद्याने तरी उरला नाही. प्रत्यक्षात एकदा रूळ उचलले की गाडी क्वचितच परत येते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे, आणि म्हणून तुमच्या गावकऱ्यांचा संशय मला चुकीचा वाटत नाही.

घाटमाथा

महाराष्ट्रात अशी संध्याकाळ का होत नाही, याचे माझे उत्तर अगदी रुक्ष आहे. आपल्याकडे छोट्या गावाचा बार म्हणजे बहुतेक वेळा गावाबाहेर रस्त्यालगतची परमिट रूम. तिथे माणूस दुचाकीने जातो आणि दुचाकीनेच परततो, तेही ट्रकच्या रांगेतून. महामार्गालगतच्या दारूविक्रीमुळे अपघात होतात, याच कारणास्तव सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको असा निकाल दिला. पुढे वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांसाठी ते अंतर २२० मीटर केले. मोटार वाहन कायद्यातील १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा इथेही मोटार वाहनांपुरतीच आहे, त्यामुळे सायकलवाला कागदावर सुटतो, पण सार्वजनिक जागी नशेत दंगा केला तर दारूबंदी कायदा आहेच. प्रश्न कायद्याचा नाहीच. ज्या रस्त्यावरून शुद्धीत सायकल चालवताना जीव मुठीत धरावा लागतो, त्या रस्त्यावरून संध्याकाळी मौजेसाठी कोणी जाणार नाही. मधली वाट वेगळी असेल, तर शेवटी बार असो की मिसळीचे दुकान, माणसे जातील.

आणि परमिट रूममध्ये सहकुटुंब, सून-सासऱ्यांसह धपाटे घेऊन जाता येईल, अशी वातावरणनिर्मिती व्हायला आणखी एक पिढी जावी लागेल.

मांडवीपार

गोव्यातून लिहितो. घाटमाथा यांचे अखेरचे वाक्य आमच्या गावच्या तावेर्नाला लागू नाही, तिथे म्हातारे आजोबा आणि नातू शेजारी बसलेले दिसतात, एकाच्या हातात फेणी आणि दुसऱ्याच्या हातात लिंबूसोडा. रस्त्याबद्दलचे त्यांचे म्हणणे मात्र पूर्ण मान्य आहे. आतल्या गावांतील अरुंद रस्ते सायकलीला फार चांगले होते, जोवर भाड्याच्या गाड्या घेतलेले पर्यटक तिथे पोहोचले नव्हते.

नवखा_पेडल

मी पुढच्या महिन्यात ओमाहात राहायला येत आहे. माझ्याकडे बारीक टायरची रस्त्यावरची सायकल आहे, २५ मिलिमीटरची. ती चालेल का? आणि नव्या माणसाने काय काय सोबत घ्यावे?

मिझुरीकाठ

स्वागत आहे. २५ चे टायर कोरड्या, दाबलेल्या चुरीवर चालतात, पण पावसानंतर दोन दिवस जाऊ नका. चुरी ओली असली की बारीक चाक रुतते आणि त्याने पडलेली चर पुढे वाळून सगळ्यांना त्रास देते. शक्य असेल तर ३२ किंवा त्याहून रुंद टायर घाला आणि हवा थोडी कमी ठेवा. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, दोन्ही घरूनच चार्ज करून आणा. एक जादा ट्यूब, टायर काढण्याच्या पट्ट्या, पंप, पाण्याच्या दोन बाटल्या, डासांचे मलम, आणि ऑगस्टच्या अखेरीपासून एक पातळ विंडचीटर, कारण लोएसच्या घळीत रात्री हवा एकदम गार होते. वाटेकडेच्या झुडपांत शिरू नका, तिथे तीन-तीन पानांची पॉयझन आयव्ही असते आणि तिची खाज आठवडाभर पुरते.

गाडी लावण्याची जागा आयोवा स्कूल फॉर द डेफच्या जवळ आहे. गुरुवारी साडेपाचनंतर तिथे उभे राहिलात तर वाट विचारण्याची गरज पडणार नाही. पोहोचायच्या आदल्या दिवशी इथेच लिहा. कोथिंबीर_वडी येणार असतील तर टॅकोच्या भरवशावर राहू नका, असेही सुचवतो.

कोथिंबीर_वडी

धपाटे आणीन, पण पाण्याच्या बाटल्या आणि जादा ट्यूब ज्याची त्याने आणायची आहे. आणि साडेसहाला निघून अंधारात पोहोचणाऱ्यांसाठी काही शिल्लक राहील, याची हमी नाही.